यादीतलं नाव, सातबाऱ्यावरचं नाव

लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. तांदूळ शिजून संपतात, नाव बाईला चिकटून राहतं. पुढं कधीतरी मतदारयादीची दुरुस्ती निघते आणि बीएलओ मास्तर कागदांचा गठ्ठा घेऊन अंगणात उभे राहतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. माहेरच्या यादीतून कमी झालेलं नसतं, सासरच्या यादीत चढलेलं नसतं. सून दारात उभी असते आणि तिच्या नावाचं उत्तर सासरा देतो. डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातलं, अर्धापूर आणि वारंगाफाट्याच्या मधलं हळद-केळीचं गाव. तिथं हे मी पाहिलेलं आहे. दुसऱ्या गावात काही वेगळं दिसेल असं नाही.

बायकांच्या मताधिकाराचा आढावा घ्यायचा तर ‘मत द्यावं की नाही’ हा वाद संपून पाऊणशे वर्षं होत आली. आजचे वाद त्याच्या पुढचे आहेत. मतदारयादीत आलेलं नाव उमेदवारांच्या यादीत का येत नाही? सरपंचांच्या पाटीवर आलं तर खुर्चीत कोण बसतं? आणि जमिनीच्या कागदावर ते कधी येणार? या प्रश्नांवर वेगवेगळ्या बाजूंनी जे बोललं जातं ते एका जागी ठेवावं, म्हणून हा लेख.

पहिली रांग

१९५२ साली डोंगरकडा परभणी जिल्ह्यात होतं आणि परभणी हैदराबाद राज्यात. हिंगोली जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली तेव्हा इथल्या साध्या माणसाला, बाईला काय अन् बाप्याला काय, सरकार निवडण्याचा अनुभव नव्हता. मुक्तिसंग्रामात बायका होत्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांनी तर हाती बंदूक घेतली होती. मतपेटी मात्र बहुतेकांनी पाहिलेली नव्हती. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानं एकवीस वर्षांवरची प्रत्येक बाई मतदार झाली. शिक्षणाची अट नाही, शेतसाऱ्याची नाही, नवरा मतदार असण्याची नाही.

त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाईला देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं. ते मिळायला १९७१ साल यावं लागलं, आणि तिथल्या अपेंझेल इनरऱ्होडेन या परगण्यात स्थानिक मतासाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे मराठवाड्यातली अंगठेबहाद्दर शेतकरीण झुरिकच्या मास्तरीणबाईंच्या एकोणीस वर्षं आधी रांगेत उभी राहिली. शाळेच्या पुस्तकात हे ठळक अक्षरात यायला हरकत नाही.

यादी करणाऱ्यांची मात्र दमछाक झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अहवालात ही हकीकत आहे. उत्तरेकडच्या अनेक प्रांतांत बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगत. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. नाव सांगायला मुदत वाढवून दिली, तरी शेवटी सुमारे २८ लाख बायकांच्या नोंदी यादीतून गळाल्या. त्या मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतल्या. आपल्याकडं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. तेव्हा ‘पतीचे नाव’ हा रकाना भरताना काय कसरत झाली असेल, ते ज्याला उखाणा माहीत आहे त्याला सांगायला नको. सेन यांचा हट्ट कठोर वाटतो, पण तो बरोबर होता असं माझं मत आहे. बाईला स्वतःच्या नावानं सरकारी कागदावर यावं लागेल, हे त्या २८ लाख नोंदींच्या किमतीवर ठरलं.

पुढचं आकड्यांत पाहिलेलं बरं. १९६२ च्या लोकसभेला देशात पुरुषांचं मतदान ६३.३१ टक्के होतं आणि बायकांचं ४६.६३. ही जवळपास सतरा टक्क्यांची दरी हळूहळू बुजत गेली. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभेला बायकांची टक्केवारी पुरुषांच्या किंचित वर होती. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला पुरुष ६६.८४ टक्के आणि बायका ६५.२२. दीड टक्क्याचं अंतर उरलं आहे. मत देण्यापुरता विचार केला तर बरोबरी जवळपास झाली आहे, यावर फारसा वाद नाही.

दिलेलं की मागून घेतलेलं

वाद आहे तो या हक्काच्या जन्मकथेवर. एक मत असं की इंग्लंड-अमेरिकेत बायकांना तुरुंगात जावं लागलं, उपोषणं करावी लागली. इथं घटनेनं एका फटक्यात मत दिलं, म्हणून त्याची किंमत कळली नाही. हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. मराठवाड्यापुरतं ते बऱ्याच अंशी लागूही पडतं. संस्थानात साध्या माणसालाच मत नव्हतं, तर बायकांनी ते मागायचं कुणाकडं?

दुसरी बाजू ब्रिटिश मुलखाची आठवण देते. १५ डिसेंबर १९१७ ला सरोजिनी नायडूंच्या पुढाकारानं बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि पुरुषांच्या बरोबरीनं मत मागितलं. मताधिकारासाठी नेमलेल्या साउथबरो समितीनं ती मागणी फेटाळली. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ साली थेट लंडनला गेल्या आणि तिथल्या सभांतून बाजू मांडत राहिल्या. १९१९ च्या कायद्यानं निर्णय प्रांतांवर सोडला. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मग मुंबई प्रांतानं बायकांवरची बंदी उठवली. ते मत मिळकत आणि कर यांच्या चाळणीतून येणारं, म्हणजे मूठभरांचं होतं. १९३५ च्या कायद्यानं चाळणी थोडी सैल केली. त्यात मतदाराची बायको किंवा विधवा म्हणूनही मत मिळे. हक्क बाईचा, पण तो नवऱ्याच्या पोटातून जन्मलेला.

सगळ्यांना सरसकट मत हवं, हा आग्रह आणखी वेगळ्या दिशेनंही आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन आयोगापुढं प्रौढ मताधिकाराची मागणी केली, आणि त्यात बाई-पुरुष हा भेद नव्हता. पुण्यात १९२७ च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, ते शिक्षणाच्या प्रश्नावर. पाचच वर्षांत तीच परिषद मताधिकारावर ठाम भूमिका घेऊन उभी होती. त्याही आधी, १८८२ साली, आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सगळे दोष बाईच्याच पदरात का, असा सवाल केलेला होता. त्यात मताचा प्रश्न नाही. पण बरोबरीची भाषा मराठीत आहे आणि ती वऱ्हाडातून आली आहे. तेव्हा ‘आयतं मिळालं’ हे निम्मंच खरं. निजामाच्या मुलखातल्या बाईला ते आयतं मिळालं, कारण दुसऱ्या मुलखातल्या बायकांनी ते तीस वर्षं मागितलं होतं.

राखीव जागा: ‘नको’ पासून ‘हवीच’ पर्यंत

या चर्चेतलं सर्वांत मोठं वळण इथं आहे, आणि ते अनेकांना माहीत नसतं. स्वातंत्र्याआधीच्या प्रमुख महिला संघटनांना राखीव जागा नको होत्या. आम्हाला सवलत नको, बरोबरी द्या, ही त्यांची भूमिका. घटना समितीत मुंबईच्या हंसा मेहता हेच बोलल्या, बंगालच्या रेणुका रे यांनीही राखीव जागांना विरोध केला. १९७४ च्या डिसेंबरात स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा गाजलेला अहवाल आला. त्यातही बहुमत विधिमंडळातल्या राखीव जागांच्या विरोधात होतं. मात्र लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी वेगळं मत नोंदवलं. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांचे आकडे पाहून त्यांचं स्वतःचं आधीचं मत बदललं होतं. एखाद्या सरकारी समितीत सदस्यांनी अभ्यास करता करता मत बदलावं आणि तसं लिहूनही द्यावं, हे दुर्मीळच.

महाराष्ट्रात याची सुरुवात गावातून झाली. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात एक-दोन बायकांना स्वीकृत करून घेण्याची सोय होती, ती नावापुरतीच राहिली. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि १९८९ मध्ये यवतमाळच्या मेटीखेड्यात, जळगावच्या विटनेरमध्ये सगळ्या बायकांची पॅनेलं निवडून आली. राज्यानं १९९० मध्ये स्थानिक संस्थांत तीस टक्के जागा राखल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीनं देशभर एक तृतीयांश झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या.

विधानसभा-लोकसभेचं घोडं मात्र १९९६ पासून अडलं. विधेयकं आली, फाटली, बुडाली. ९ मार्च २०१० ला राज्यसभेनं ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केलं. तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. चांदवडला बायकांना मैदानात आणणारा, लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांकडून बायकांच्या नावानं जमिनी करून घेणारा माणूस एकटा विरोधात उभा राहिला. त्यांचा मुद्दा फिरत्या राखीव मतदारसंघांचा होता. पुढच्या वेळी मतदारसंघ आपला राहणार नाही हे माहीत असलं, की निवडून आलेली बाई तो कशाला सांभाळेल, आणि आधीचा पुरुषही कशाला? जोशींना स्त्रीविरोधी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी नीट दिलेलं नाही.

२० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेनं नवं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. विरोधातल्या दोघांत एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांच्या एमआयएम पक्षाचं म्हणणं, या जागांत ओबीसी आणि मुस्लिम बायकांसाठी वेगळा वाटा नाही, म्हणजे त्या वरच्या थरातल्या बायकांकडं जाणार. ओबीसी वाट्याची मागणी समाजवादी आणि राष्ट्रीय जनता दलानं नव्वदच्या दशकापासून लावून धरलेली आहे. उलट बाजूचं म्हणणं, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांत बायकांचा वाटा आहेच. ओबीसींना लोकसभा-विधानसभेत मुळातच आरक्षण नाही, मग त्याच्या आत बायकांचं कुठून आणायचं? दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे.

हा कायदा, म्हणजे १०६ वी घटनादुरुस्ती, वहीत आला पण वहिवाटीत नाही. तो लिहिला तेव्हाच अट घातली होती की पुढची जनगणना व्हावी, मग मतदारसंघांची फेररचना व्हावी, आणि त्यानंतर तो लागू व्हावा. राज्यसभा आणि विधान परिषद त्याच्या बाहेर. मुदत पंधरा वर्षं. जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरली आहे.

तोवरचा हिशेब असा. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्यात बायका ३६३. निवडून आलेल्या बायका २८८ मध्ये आठ टक्क्यांच्या आत. लोकसभेवर महाराष्ट्राच्या ४८ जागांतून सात जणी गेल्या. कळमनुरीकरांनी मात्र आरक्षणाशिवाय बाई निवडून दिलेली आहे. १९८० च्या दशकात रजनी सातव दोनदा इथून आमदार झाल्या, राज्यमंत्रीही झाल्या. हिंगोलीनं १९९८ आणि २००४ मध्ये सूर्यकांता पाटील यांना लोकसभेत पाठवलं, त्या केंद्रात ग्रामविकास राज्यमंत्री होत्या. म्हणजे इथला मतदार बाईला मत देत नाही, हे म्हणायला आधार नाही. पण त्यानंतर या दोन्ही जागांवर पुन्हा बाई निवडून आलेली नाही. अडतं ते मतपेटीच्या बरंच आधी, तिकीट वाटायला बसलेल्या खोलीत.

सरपंचबाई आणि सरपंचपती

गावपातळीवर तीस वर्षांचा अनुभव गाठीला आहे, म्हणून इथली चर्चा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कडवट.

टीका सगळ्यांना पाठ आहे. सोडत निघते, जागा ‘महिला’ सुटते, संध्याकाळपर्यंत बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा आणि बायकोचा छोटा. मासिक सभेला खुर्चीत नवरा. सहीसाठी शिपाई रजिस्टर घेऊन घरी. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीत रुळला, यातच सगळं आलं. सर्वोच्च न्यायालयात २०२३ मध्ये हा विषय गेला, मग केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं समिती नेमली, आणि तिनं अशा पडद्यामागच्या कारभाऱ्यांना कडक दंडाची शिफारस केली.

बचावाची बाजू कमी ऐकू येते. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं प्रमुखपद बायकांसाठी राखीव होतं तिथं पिण्याच्या पाण्यासारख्या, बायका मागतात त्या कामांवर जास्त खर्च झाला, असं त्यांना आढळलं. नवराच सगळं चालवत असता तर हा फरक पडला नसता. शिवाय पहिल्या खेपेला गप्प बसलेली बाई दुसऱ्या खेपेला बोलू लागते, पण आरक्षण फिरतं आणि दुसरी खेप मिळतच नाही. हा पुन्हा शरद जोशींचाच मुद्दा, फक्त वेगळ्या तोंडून.

बोलणाऱ्या बाईचं काय होतं तेही पाहिलं पाहिजे. महाराष्ट्राच्या कायद्यात राखीव जागेवरच्या महिला सरपंचावर अविश्वास आणायला तीन चतुर्थांश मतांची अट घातली गेली, तेव्हा इतरांना दोन तृतीयांश होती. कायदा करणाऱ्यांनाच धोका ठाऊक होता. मग अविश्वासाऐवजी अपात्रतेचे अर्ज सुरू झाले. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना पदावरून काढलं गेलं, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. गावाला बाईच्या हाताखाली वागणं पचत नाही आणि सरकारी यंत्रणाही त्याला हातभार लावते, या अर्थाचे ताशेरे त्यात आहेत.

आणखी एक गोष्ट चर्चेत क्वचित येते. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळं निवडणुका लांबल्या आणि २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. ६ मे २०२५ ला न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं, तोवर तीन वर्षं गेली होती. निम्म्या जागा बायकांच्या, आणि सगळ्याच रिकाम्या. त्या काळात जिल्हा परिषदेच्या पातळीवर पन्नास टक्के आरक्षण कागदावरच होतं.

आडवी बाटली, लाडकी बहीण

बायकांच्या मताची ताकद उघडी दिसली ती दोन ठिकाणी. दोन्हीकडं पैशाचा संबंध आहे, पण उलट्या दिशेनं.

पहिलं ठिकाण दारूबंदीचं. २००८ च्या शासन आदेशानं गावातल्या बायकांना दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान मागता येतं. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. मग मतपत्रिकेवर दोन चित्रं येतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. वाचता येण्याची गरज नाही. फक्त बायकांनी द्यायचं असं मत राज्यात हे एकच. पण मेख आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी बाई कामाला गेली, माहेरी होती, ऊसतोडीला होती, वारली तरी यादीतून कमी झाली नव्हती, तिचं मत आपसूक उभ्या बाटलीला. आमदार तीस टक्क्यांवर निवडून येतो, दारूचं दुकान हलवायला मात्र पन्नासच्या वर हवेत. ही अट सैल करावी अशी मागणी जुनी आहे. दुकानदाराच्या परवान्याला असं संरक्षण हवंच, असाही युक्तिवाद आहे.

दुसरं ठिकाण लाडकी बहीण योजना. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये. चार महिन्यांत विधानसभा. टीकाकार म्हणतात, हा नागरिकाला लाभार्थी करण्याचा प्रकार आहे; तिजोरी रिकामी होते, रोजगार आणि आरोग्य मागं पडतं, आणि महिना २,१०० करण्याचा निवडणुकीतला शब्द निकालानंतर लांबतो. समर्थक म्हणतात, कर्जमाफीला कुणी रेवडी म्हटलं नाही, ती पुरुषांच्या खात्यावर गेली म्हणून का? पहिल्यांदा बाईच्या नावाचं पासबुक घरात आलं, आणि तिला विचारल्याशिवाय त्यातले पैसे निघत नाहीत. मला दोन्ही पटतं, आणि दोन्ही एकाच घरात एकाच वेळी खरं असू शकतं. २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं. ज्यांचे दोघंही हयात नाहीत अशा बायका ताटकळल्या. सोय नंतर करावी लागली. १९५२ चा ‘पतीचे नाव’ हा रकाना ई-केवायसीत जाऊन बसला.

भोगवटादाराचा रकाना

मतानं बरोबरी येते की मालमत्तेनं, हा वाद जुना. हिंदू कोड बिल अडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडलं, त्याच्या मुळाशी हेच होतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा वाटा जन्मानं येतो, २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता याच्याशी संबंध नाही.

आता तहसीलच्या आवारात चला. बाप वारल्यावर वारसांची नोंद होते, बहिणींची नावं सातबाऱ्यावर लागतात. महिना-दोन महिन्यांत बहिणींना बोलावणं येतं. भाऊ गाडी पाठवतो, हॉटेलात जेवण, साडीचोळी, आणि हक्कसोडपत्रावर सही. कुणी दटावत नाही. बहिणीला ठाऊक असतं की वाटा घेतला तर दिवाळीला, पंचमीला कुठं जायचं? मुलीच्या लग्नात मामा कोण उभा राहणार? कायदेतज्ज्ञ म्हणतात, ही सही स्वेच्छेची आहे, तिच्यात हात घालता येत नाही. चळवळीतल्या बायका म्हणतात, जिथं नकाराची किंमत माहेर असते तिथं स्वेच्छा कसली? हक्कसोडीला काही वर्षांची थांबण्याची मुदत असावी, असा एक मधला विचारही ऐकू येतो. मला तो सर्वांत व्यवहार्य वाटतो.

सासरच्या जमिनीवर नाव लावण्याचा मार्ग लक्ष्मीमुक्तीनं दाखवला, तोही नवऱ्याच्या राजीखुशीवर. घराच्या नोंदीत २००३ पासून ‘घर दोघांचे’ हा निर्णय आहे. पण देशात वहितीच्या खात्यांपैकी बायकांची २०१५-१६ च्या कृषी गणनेत चौदा टक्क्यांच्या आसपास होती. हळद उकळायची, वाळवायची, निवडायची ती बाईनं, आणि मार्केटच्या पट्टीवर नाव नवऱ्याचं, कारण सातबारा त्याचा. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे पैसे हे सगळं त्याच कागदावर चालतं.

लोंबकळलेले प्रश्न

काही गोष्टींवर कुणाकडंच नीट उत्तर नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांचं मत हा त्यांतला मोठा प्रश्न. २०२४ मध्ये गाळप १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० ला. कोयता घेऊन निघालेली बाई परत कशी येणार? तिच्यासाठी टपाली मत नाही. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, हे नीलम गोऱ्हे समितीनं २०१९ मध्ये समोर आणलं. ज्यांच्या प्रश्नाला विधिमंडळात तोंड फुटायला हवं, त्यांचंच मत हंगामात हरवतं.

बाई स्वतःच्या मनानं मत देते की घरच्या, यावर मतं टोकाची आहेत आणि गुप्त मतदानात ते कळूही नये. दर पाच वर्षांनी फिरणारी राखीव जागा दहा वर्षं एकाच ठिकाणी ठेवावी का, हा प्रश्न पंचायतीत सुटला नाही तोवर विधानसभेत येऊ घातला आहे. आणि महिला ग्रामसभा. मुख्य ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची सभा घ्यायची, तिचे ठराव पुढं मांडायचे, असं कायदा सांगतो. ती किती गावांत खरोखर भरते आणि किती गावांत रजिस्टरवर भरते, याचा हिशेब कुणी लावत नाही.

नावाच्या बाबतीत एक बदल झाला आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव येतं. ती मुलं २०४२ मध्ये मतदार होतील. तोवर वाट पाहायची गरज नसलेलं एक काम वाचकांच्या हाती आहे. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर निघतो. आपला काढा आणि भोगवटादाराच्या रकान्यात बायकांची नावं किती आहेत ते मोजा.